दुपारच्या बाईंची शोकसभा

जिवंत माणसाचं कौतुक करायचं असेल तर सभागृह पुढच्या वर्षी मिळेल, आणि गेलेल्याचं करायचं असेल तर येत्या रविवारी. सभागृहाच्या व्यवस्थापकाने हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की रसिकने आधी मान डोलावली आणि मग त्याला कळलं की आपण कशाला मान डोलावली.

रसिक हे काही त्याचं नाव नव्हतं. ते इमारतीने ठेवलं होतं, आणि कौतुकाने ठेवलं होतं असा गैरसमज फक्त त्याचाच होता. जिना चढताना कुणाच्या घरातून बाईच्या आवाजातलं गाणं आलं की तो गाणं संपेपर्यंत त्या दारासमोर थांबायचा. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दार उघडलं, समोर डोळे मिटलेला माणूस पाहिला आणि न विचारता त्याला पाण्याचा ग्लास आणून दिला. रसिकने तो पिऊन परत केला, कारण तेवढ्यात अंतरा सुरू झाला होता आणि बोलायला सवड नव्हती.

पोटासाठी तो विमा कंपनीत होता, मृत्यूदावे विभागात. माणूस खरोखरच मेला आहे अशी कंपनीची खात्री पटेपर्यंत त्याच्या घरच्यांना हेलपाटे घालायला लावणं हे त्याचं काम. ते तो मन लावून करी. दहनाची पावती, डॉक्टरचा दाखला, दाखल्यावरचा शिक्का, शिक्का अस्पष्ट असेल तर पुन्हा डॉक्टर. कागदावर मेल्याशिवाय कुणी मरत नाही आणि कागदावर मेलेला पुन्हा उठत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय त्याला राहिली नाही.

त्याच्या आवडीच्या गायिका चार. चौघीही आपली गाणी आपणच लिहीत, आपणच चाल लावीत आणि आपणच गात. त्यामुळे गाणं पडलं तर शिव्या खायलाही त्या एकट्याच असत. पहिल्या लांब श्वासाच्या बाई. त्यांची ओळ सुरू झाली की ऐकणाऱ्याचा दम संपे, बाईंचा नाही. रसिकने एकदा त्यांच्या ओळीबरोबर श्वास धरून जिना चढून पाहिला होता. दुसऱ्या मजल्यावर त्याला भिंत धरावी लागली आणि बाई मात्र शांतपणे समेवर पोचल्या. दुसऱ्या शिलाईच्या बाई. त्या मशीनवर बसून गाणी रचत आणि त्यांच्या प्रत्येक गाण्यात पायाचा तो ठेका असे. दोरा तुटावा तसं त्यांचं गाणं मध्येच थांबे, आणि शेवट नव्हता म्हणून तक्रार करावी असं कुणाला वाटत नसे. तिसऱ्या खोकणाऱ्या बाई. भाड्याची खोली सोडण्यावरच्या त्यांच्या गाण्यात, सामान बांधून झाल्यावरच्या ओळीआधी, त्या एकदा खोकतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आळसाने तो खोकला तसाच ठेवला. रसिकच्या मते त्या गाण्यातली सगळ्यात सुरेल जागा तीच. हे मत त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी रोज खोकते, तेव्हा खिडकी लावून घेता."

या तिघीही केव्हाच वारल्या होत्या.

चौथ्या दुपारच्या बाई. रेडिओवर त्यांची गाणी फक्त दुपारी लागत. पुरुष कामावर, मुलं शाळेत, भांडी घासून झालेली आणि कपडे वाळायचे राहिलेले, अशा वेळी. त्यांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. शेजारच्या खोलीत कुणीतरी स्वतःशीच बोलावं तसा होता. त्यांचं एक गाणं होतं:

दार लोटले, लावले नाही,
एवढी आशा पुरते बाई.

या दोन ओळींशी रसिकचं काय नातं होतं ते इमारतीला ठाऊक नव्हतं. एका वर्षी रसिक आणि त्याची बायको दवाखान्यात दोघं गेली होती, तिघं परत यायची होती आणि दोघंच परत आली. त्यानंतर बायको बोलेनाशी झाली. म्हणजे किल्ली कुठे आहे, दिवा घालवा, एवढं बोले. घरात शब्द मोजून सांडत. मग एका दुपारी रसिक तापाने घरी पडला होता. स्वयंपाकघरात रेडिओवर हे गाणं लागलं, आणि दुसऱ्या ओळीला रेडिओच्या मागून आणखी एक आवाज आला. बेसूर, अडखळता, पण घरातला. रसिक उठून पॅसेजमध्ये आला आणि तिथेच थांबला. पुढे गेला असता तर तो आवाज बंद पडला असता. गाणं संपलं, भांडी वाजू लागली, तो परत येऊन झोपला. यातलं अवाक्षर त्याने बायकोला कधी सांगितलं नाही. पण ज्या बाईंनी हे केलं त्यांना एकदा समोर उभं राहून सांगायचं, हे त्याने त्या तापातच ठरवलं होतं. मग ताप उतरला, आणि मध्यमवर्गात ताप उतरला की ठरवलेलंही उतरतं.

ते पुन्हा चढलं केमिस्टमुळे. कोपऱ्यावरचा केमिस्ट एकदा गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "ही पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीची औषधं. पूर्वी दुपारी रेडिओवर गायची म्हणे. आता डॉक्टरांनी डोस वाढवलाय. असा डोस वाढवला ना साहेब, की मी जास्त माल मागवत नाही."

केमिस्टची ही भविष्य सांगायची पद्धत अख्ख्या वस्तीत प्रसिद्ध होती आणि आजवर ती चुकली नव्हती. रसिकने त्याच संध्याकाळी ठरवलं: चारही बाईंच्या गाण्यांचं रसग्रहण, जाहीर, सभागृहात, आणि पहिल्या रांगेत दुपारच्या बाई. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं. लवकर.

"घरी जाऊन सांगितलंत तर?" बायकोने विचारलं.

"असं कसं? एवढ्या मोठ्या कलावंत!"

"घरी जाऊन सांगायचं तर सांगावं लागेल, म्हणून," बायको म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

*

वरच्या मजल्यावर एक सेवानिवृत्त उपसंचालक राहत. कशाचे उपसंचालक ते कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्यांना डेप्युटी म्हणत. त्यांना बातमी लागली आणि ते स्वतःची खुर्ची घेऊन खाली आले.

"कल्पना चांगली आहे, पण तुमच्या आटोक्यातली नाही," ते म्हणाले. "नुसत्या बायका? लोक विचारतील, पुरुषांनी काय घोडं मारलंय? एखादा पुरुष घ्या."

"पण विषयच—"

"विषय राहू दे तो. आणि चौघींत तीन मेलेल्या. कार्यक्रमाला उठाव नाही येत. मधे काहीतरी हलकंफुलकं टाका. माझ्या सुनेचा भाऊ पक्ष्यांचे आवाज काढतो."

रसिकने पक्षी नाकारले. पदरात एकच गोष्ट पडली: आभारप्रदर्शन डेप्युटी करणार. ते त्यांनी स्वतःच स्वतःकडे घेतलं आणि खुर्ची घेऊन वर गेले.

मग सभागृह. व्यवस्थापक खिडकीआड बसे आणि खिडकी इतकी खाली होती की अर्जदाराला आपोआप वाकावं लागे. 'सत्कार, कौतुक, इतर' या वर्गाला पुढच्या वर्षापर्यंत जागा नव्हती. रविवारची सकाळ मात्र शोकसभांसाठी राखीव होती, एक तास. "मरण काही तारीख घेऊन येत नाही," व्यवस्थापक म्हणाला. "लग्न थांबू शकतं."

रसिकने वाकल्या वाकल्या विचार केला. "तीन गायिका तर वारलेल्याच आहेत."

"कधी?"

रसिकने सांगितलं.

"नाही चालणार. महिन्याच्या आतलं पाहिजे. त्यानंतर दुःख राहत नाही, नियमात तसं आहे. आणि चौथ्या?"

"त्या आहेत."

"म्हणजे पाऊण शोकसभा." व्यवस्थापक विचारात पडला. माणूस वाईट नव्हता. नियमातून वाट काढून देण्यात त्याला गायकाला तानेत मिळावा तसा आनंद मिळे. "तब्येत कशी आहे त्यांची?"

"नाजूक आहे."

"मग त्यांच्याच नावावर टाकतो. नुसतं दफ्तरात. कार्यक्रम तुम्ही तुमचा करा, आत कोण बघतंय?"

इथे रसिकने नाही म्हणायला हवं होतं. वीस वर्षं ज्याने बायाबापड्यांना सांगितलं की, बाई, कागदावर आहे तेच खरं, त्याने तरी. पण डोळ्यांसमोर केमिस्टची ती मोजलेली गोळ्यांची पुडी होती, आणि पाठ दुखू लागली होती. "नुसतं दफ्तरात ना?" त्याने विचारलं. व्यवस्थापकाने शिक्का मारला.

दफ्तर आणि दरवाजा यांच्यामध्ये एक फळा असतो हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. सभागृहाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या त्या फळ्यावर 'शोकसभा : कै.' एवढं ऑइलपेंटने कायमचं रंगवलेलं होतं आणि पुढची जागा खडूसाठी मोकळी होती. तिथे आता सुवाच्य अक्षरात दुपारच्या बाईंचं नाव होतं. खडू पुसता आला असता. 'कै.' पुसता येण्यासारखा नव्हता.

*

फळ्याचा फोटो डेप्युटींनी काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यात, दुपारच्या बाईंचं एकही गाणं न ऐकलेल्यांचे हात आघाडीवर होते. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लिहिलं, 'एका युगाचा अंत.' त्याखाली कुणीतरी विचारलं, 'उद्या पाणी येणार का?'

रसिक धावत वर गेला. "अहो, त्या जिवंत आहेत!"

डेप्युटींनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "बसा. पाणी घ्या. तुमचं त्यांच्यावर प्रेम होतं. सुरुवातीला असंच वाटतं."

"वाटतं नाही. आहेत!"

"आपल्या मनात आहेतच. मी भाषणात हेच वाक्य घेतलंय," डेप्युटी म्हणाले. आभारप्रदर्शनाची शोकप्रस्तावात बढती झाल्याने ते तरतरीत दिसत होते.

केमिस्ट मात्र घाबरला होता. "मला आधी कळायला नको? औषध माझ्याकडून जातं. उद्या लोक म्हणतील, ह्याच्याच गोळ्यांनी गेल्या. मी पुढची पुडी रद्द केली, झालं गेलं." रसिकने त्याला शपथेवर सांगितलं, तेव्हा त्याने पुडी पुन्हा बांधली. पण ती नेऊन द्यायला तो तयार होईना. "फळ्यावर नाव लागल्यावर मी औषध पोचवलं, तर मला वेड्यात काढतील. तुम्ही न्या."

रसिकने पुडी नेली. बाईंच्या दाराशी त्याला दिसलं की दूधही बंद झालंय. दूधवाला रोज सभागृहावरून जात असे आणि वाचू शकत असे. साक्षरतेचे असेही तोटे आहेत.

दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला, "कोण? दूध का?"

रसिकने सबंध आयुष्यात त्या आवाजाला दिलेलं पहिलं उत्तर होतं, "आणतो."

त्या आठवड्यात तो रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन गेला. बाई लहानखुऱ्या होत्या, खिडकीशी बसत, पायावर चादर. रविवारच्या कार्यक्रमाचं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणजे त्यातलं सांगण्यासारखं तेवढं सांगितलं. "तुमच्या गाण्यांबद्दल बोलणार आहोत."

"कशाला?" बाईंनी विचारलं. प्रश्न खरा होता. खरं तर सगळं तिथेच सांगून मोकळं होता आलं असतं. श्रोता समोर होता, दूध हातात होतं. पण रसिकने भाषण पाठ केलं होतं आणि त्याची सुरुवात 'उपस्थित रसिकहो' अशी होती. एकट्या म्हातारीला उपस्थित रसिकहो कसं म्हणायचं? तो पिशवी ठेवून निघाला.

पुढच्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. आतल्या पानावर, लहानसं: ज्येष्ठ गायिकेचं निधन, रविवारी शोकसभा. हे डेप्युटींचं कर्तृत्व. त्यांच्या ओळखी अजून कामाला येत. बाई पेपर वाचत हे ठाऊक असल्याने रसिकने त्यांचा पेपर वाटेतच गाठला आणि ती बातमी ब्लेडने कापून काढली. पानाला व्यवस्थित चौकोनी खिडकी पडली.

बाईंनी त्या खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. "हे काय?"

"छापखान्याची चूक असेल."

"छापखान्यात ब्लेडने चुका करतात वाटतं." त्यांनी पान उलटलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग कापलंत कशाला?"

रसिक म्हणाला की त्याला ऑफिसला उशीर होतोय. तो खोटं बोलला नाही, एवढंच त्याचं समाधान. ऑफिसात मात्र त्या दिवशी एका विधवा बाईंना त्याने अस्पष्ट शिक्क्यावरून परत पाठवलं नाही. शिक्का त्याला प्रथमच पुरेसा स्पष्ट दिसला.

शनिवारी तो गेला तेव्हा खोलीत रेडिओ चालू होता आणि रेडिओवर बाई. एकामागून एक, त्यांचीच गाणी, आणि सकाळी.

"किती वर्षांनी लावतायत," बाई म्हणाल्या. "तेही एवढी ओळीने. आणि निवेदिका रडवेली. मी गेले की काय हो?"

रसिकच्या हातातली पिशवी सुटली. दूध फरशीवर पसरलं. तो पुसू लागला, कारण पुसणाऱ्याला वर बघावं लागत नाही. बाईंनी रेडिओचा आवाज थोडा कमी केला.

"ह्या गाण्यात मी तिसऱ्या कडव्यात चुकलेय," त्या म्हणाल्या. "तेव्हा म्हटलं, पुन्हा घेऊ या. ते म्हणाले, दुपारचं कोण ऐकतंय."

*

रविवारी सभागृह भरलं. हे रसिकने कधी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. रसग्रहणाला वीस माणसं आली असती, त्यातली अर्धी पंख्यासाठी. शोकसभेला अख्खी वस्ती लोटली. भिंतीशीसुद्धा माणसं उभी होती. स्टेजवर फोटो ठेवायचा होता, पण बाईंचा फोटो कुणाकडेच नव्हता. तेव्हा डेप्युटींनी घरचा जुना रेडिओ आणून टेबलावर ठेवला आणि त्याला हार घातला. रेडिओ बिघडलेला होता. पहिल्या रांगेतल्या दोघीतिघी त्याच्याकडे बघून डोळे टिपत होत्या.

रसिक फाटकाशी उभा होता, फळ्याला पाठ लावून. आपल्या देहाने जेवढा झाकता येईल तेवढा 'कै.' त्याने झाकला होता. त्याला एकच आशा होती की बाई येणार नाहीत, आणि एकच इच्छा होती की त्या याव्यात.

बाई आल्या. काठी टेकत, दर चार पावलांना थांबत. त्यांच्या एका बाजूला रसिकची बायको होती.

"अगं, तू कुठे यांच्याबरोबर—"

"घेऊन आले," बायको म्हणाली. "तुम्ही फळ्याला टेकून किती वेळ उभे राहणार होतात?"

बाईंनी काठीने त्याला बाजूला व्हायची खूण केली. तो झाला. बाईंनी फळा वाचला. पहिल्यांदा लांबून, मग जवळ जाऊन.

"अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

रसिकने सगळं सांगितलं. खिडकी, महिन्याच्या आतलं दुःख, नुसतं दफ्तरात. सांगताना त्याला स्वतःचा आवाज मृत्यूदाव्याच्या टेबलापलीकडून आल्यासारखा वाटला. "मी आत्ता आत जाऊन सांगतो, की आपण आहात."

"नको." बाई दम घेऊन म्हणाल्या. "सत्कार असता तर मला बोलायला लावलं असतं. गा, असंही म्हणाले असते. आता काही करावं लागणार नाही. मागची खुर्ची मिळेल का, पाठीची?"

मागच्या रांगेत रसिकच्या बायकोने त्यांना बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. कुणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. एकाने तर वाकून हळूच विचारलं, "तुम्ही जवळच्या का?" बाई म्हणाल्या, "तशी बरीच."

पहिलं भाषण डेप्युटींचं. कैलासवासी बाईंच्या गाण्यांविषयी त्यांना फारशी माहिती नव्हती. ती उणीव त्यांनी स्वतःविषयीच्या माहितीने भरून काढली. आपण कार्यालयात असताना दुपारी रेडिओ लावायला सक्त मनाई केली होती, हे त्यांनी दाटून आलेल्या कंठाने सांगितलं. मग केमिस्ट. त्याने औषधांचा दर्जा आणि गोळ्यांवरची तारीख या दोन मुद्द्यांवर भर दिला आणि बाई गेल्या त्या वयाने गेल्या असं निक्षून सांगितलं. रसिककडे मात्र तो पाहत नव्हता. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांनी 'एका युगाचा अंत' हे वाक्य उभं राहून वाचलं. डेप्युटींच्या सुनेच्या भावाने आदरांजली म्हणून एकच पक्षी काढला. तो शोकाकुल पक्षी होता असं नंतर कळलं.

रसिकचं नाव शेवटी होतं. खिशात भाषण, भाषणात लांब श्वासाच्या बाई, शिलाईचा ठेका, तो खोकला, आणि सगळ्यात शेवटी ती दुपार. तो स्टेजच्या पायरीवर चढला तेव्हा व्यवस्थापक मनगटावर बोट ठोकत आला.

"तास होत आला. बारशाचे लोक बाहेर उभे आहेत. स्तब्धता राहिली ना? ती घ्या आधी, ती सक्तीची आहे."

"पण माझं भाषण?"

"स्तब्धतेत मनातल्या मनात करा."

डेप्युटींनी माइक घेतला. "आपण सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे."

सगळं सभागृह उठलं. खुर्च्या वाजल्या, मग शांत झालं. रसिक स्टेजच्या पायरीवर, अर्धा वर अर्धा खाली, उभा होता. सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याला दिसलं: मागच्या रांगेत काठीवर भार देऊन बाईही उभ्या राहिल्या होत्या. स्वतःसाठी. मान खाली, इतरांसारखीच. त्याने मनातल्या मनात 'उपस्थित रसिकहो' म्हटलं आणि पुढचं काही आठवेना.

मिनिटभराने बाई खाली बसल्या.

डेप्युटींच्या नजरेतून ते सुटलं नाही. स्तब्धता मोडायची नसल्याने त्यांनी आवाज खाली आणला, पण माइक चालूच होता. "मागच्या बाई, जरा गेलेल्या माणसाचा मान ठेवा."

"ठेवला असता हो," मागून आवाज आला, "पण गुडघे ऐकत नाहीत."

तो आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच बोलावं तसा होता. आदल्याच दिवशी रेडिओवर तोच ऐकलेल्या चारपाचशे माणसांपैकी एकानेही मान वळवली नाही. रसिकने वाट पाहिली. मग दारं उघडली आणि बारशाचे लोक फुगे घेऊन आत आले.

*

घरी पोचवायला तिघं चालत निघाली. बाई दर चार पावलांना थांबत, आणि दर थांब्याला रसिक खिशातला कागद चाचपी. त्यांच्या दाराशी आल्यावर बाई वळल्या.

"तुमचं राहिलंच की. काय बोलणार होतात?"

रसिकने कागद काढला. घडी उलगडली. "स्त्रियांनी स्वतः रचलेल्या गाण्यांच्या परंपरेत..." तो थांबला. त्याने घसा साफ केला. "या परंपरेत आपलं स्थान..." पुन्हा थांबला. 

बायकोने कागद काढून घेतला, घडी घातली, स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

"यांना म्हणायचंय," ती बाईंना म्हणाली, "की आमच्या घरात एक वर्ष फार वाईट गेलं, तेव्हा तुम्ही होतात."

बाई तिच्याकडे वळल्या. "दुपारी?"

"हो. दुपारी. मी आत होते आणि हे पॅसेजमध्ये उभे होते."

रसिकने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"मग बरोबर," बाई म्हणाल्या. "दुपारीच असायचे मी." त्यांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि दार लोटलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही.

वाटेत दोघं काही बोलली नाहीत. पण ते न बोलणं जुन्या न बोलण्यासारखं नव्हतं, एवढा फरक ओळखण्याइतका कान रसिकला होता.

केमिस्टचं भविष्य याही वेळी चुकलं नाही. थोड्याच आठवड्यांनी एका सकाळी दूध दारातच राहिलं. रसिकनेच सगळं केलं. दाखला, दाखल्यावरचा शिक्का. शिक्का अस्पष्ट होता. तो पुन्हा डॉक्टरकडे गेला आणि रांगेत उभा राहिला.

इमारतीच्या ग्रुपवर त्याने कळवलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, 'पुन्हा?' डेप्युटींनी लिहिलं की एकच भाषण दोनदा करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. वर्तमानपत्राने सांगितलं की ही बातमी त्यांनी आधीच दिली आहे, उलट इतरांच्या कितीतरी आधी. रेडिओवर त्या दिवशी दुपारी बाजारभाव लागले.

रसिक सभागृहाच्या खिडकीशी जाऊन वाकला. व्यवस्थापकाने दफ्तर उघडून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"यांची झालेली आहे."

"ती चुकून झाली होती. आता खरोखर—"

"एका माणसाची एकच सभा, साहेब. नाहीतर लोक हौसेने वर्षातून दोनदा मारतील." मग त्याला वाईट वाटलं असावं. तो खिडकीतून थोडा पुढे झुकला. "गर्दी पण चांगली झाली होती हो तेव्हा. एवढी नंतर होत नाही."

रसिक घरी आला. बायको खिडकीशी कपडे वाळत घालत होती. ऊन कलायला अजून वेळ होता.

"मिळालं का सभागृह?"

"नाही. म्हणाला, त्यांची सभा झालेली आहे."

बायकोने शेवटचा कपडा झटकला आणि दोरीवर टाकला.

"झाली की," ती म्हणाली. "आल्या होत्या ना त्या."